अहमदाबाद, मे २०१०: मृत्यूच्या नोंदवहीत सापडलेली उष्णतेची लाट

२१ मे २०१० रोजी अहमदाबादचा पारा ४६.८ अंश सेल्सिअसवर गेला. एरवी मे महिन्यात या शहरात दिवसाला साधारण शंभर मृत्यू नोंदले जातात. त्या एका दिवशी ते तीनशेच्या वर गेले. पूर नव्हता, साथ नव्हती, कुठली इमारत कोसळली नव्हती. त्यामुळे एवढी माणसं एका कारणाने जात आहेत हे त्या आठवड्यात कुणाच्या नीट लक्षात आलं नाही.

याचं कारण मृत्यूच्या दाखल्यात आहे. हृदयविकार असलेला सत्तर वर्षांचा माणूस पत्र्याच्या खोलीत तीन रात्री झोपेविना काढून चौथ्या दिवशी गेला, तर दाखल्यावर "हृदयविकाराचा झटका" लिहिलं जातं, आणि त्यात डॉक्टरचं काही चुकलेलं नसतं. "उष्माघात" लिहायचा तर शरीराचं तापमान वेळेवर मोजलेलं हवं आणि रुग्ण जिवंत असताना दवाखान्यात पोचलेला हवा. बहुतेकांच्या बाबतीत दोन्ही होत नाही. म्हणून उष्माघाताच्या अधिकृत आकड्यावरून लाटेचा अंदाज बांधणं म्हणजे विहिरीचा तळ काठावरून मोजणं.

अहमदाबादमध्ये वेगळ्या पद्धतीने मोजदाद झाली. गांधीनगरची भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्था, अहमदाबाद महानगरपालिका आणि काही अमेरिकी विद्यापीठं व संस्थांनी मिळून महापालिकेच्या नोंदवहीतले सगळे मृत्यू घेतले, मग कारण कोणतंही असो. मे २०१० मध्ये एकूण ४,४६२ मृत्यू. मे २००९ आणि मे २०११ यांची सरासरी ३,११८. फरक १,३४४, म्हणजे ४३.१ टक्के जास्त. हा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. गांधीनगरच्या संस्थेचे तेव्हाचे संचालक डॉ. दिलीप मावळणकर यांनी ही गोष्ट पुढे देशभर लावून धरली.

ही वजाबाकी कोणत्याही नगरपालिकेला करता येते. जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात लागणारी सगळी माहिती आधीच असते. तरीही हिशोब चुकतो, आणि बहुतेक वेळा एकाच जागी. नोंदणी मृत्यूनंतर २१ दिवसांच्या आत करायची असते, त्यामुळे रजिस्टरमधला "नोंदणीचा दिनांक" घेतला तर २१ मेचे मृत्यू जूनपर्यंत पसरतात आणि शिखर सपाट होऊन जातं. घ्यायचा तो मृत्यूचा दिनांक. दुसरं, शहराबाहेरून मोठ्या रुग्णालयात आणलेल्या रुग्णांचे मृत्यूही इथेच नोंदले जातात. राहण्याच्या पत्त्यावरून ते वेगळे काढले नाहीत तर वाढ फुगते. तिसरं, तापमान आणि मृत्यू एकाच दिवसाचे जोडायचे नाहीत. उष्णतेचा परिणाम त्या दिवशी आणि पुढचे दोन-तीन दिवस दिसतो. तुलनेला दोन वर्षं कमीच, पाच घ्यावीत आणि लोकसंख्येची वाढ जमेस धरावी. १ एप्रिल ते ३० जूनचा रोजचा तक्ता करावा: कमाल तापमान, किमान तापमान, दुपारची आर्द्रता, एकूण मृत्यू. चार स्तंभ. किमान तापमानाचा स्तंभ हमखास गाळला जातो आणि खरी गोम तिथेच असते.

पत्रा दुपारी मारतो, स्लॅब रात्री

पूर्व अहमदाबादमध्ये बंद पडलेल्या गिरण्यांच्या आसपास चाळी आणि झोपडवस्त्या आहेत. पत्र्याचं छप्पर ऊन पडताच तापतं आणि ती उष्णता थेट खाली फेकतं. दुपारी दोनला अशा खोलीत बाहेरच्या सावलीपेक्षा जास्त गरम असतं. पण पत्रा पातळ असतो, ऊन गेलं की तोही निवतो. काँक्रीटच्या स्लॅबचं उलट. तो दिवसभर उष्णता पितो आणि काही तासांनी, संध्याकाळ ते मध्यरात्र, ती खोलीत सोडतो. सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला दुपार सहन होते, रात्र होत नाही.

शरीराला दिवसभराचा ताण उतरवायला थंड रात्र लागते. ती मिळाली नाही की हृदयाला त्वचेकडे जास्त रक्त ढकलत राहावं लागतं. घामावाटे पाणी आणि मीठ जातच राहतं, रक्त दाट होतं, मूत्रपिंडावर भार येतो. चाळीस टक्के ताकदीने चालणारं आजारी हृदयही पहिल्या दिवशी निभावून नेतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी नाही. लाटेचं "लांबणं" एखाद्या दिवसाच्या उच्चांकाहून घातक ठरतं ते यामुळे.

या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग महापालिकेच्या शारदाबेन रुग्णालयातला आहे. तिथला प्रसूती कक्ष इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर होता, थेट तापलेल्या गच्चीखाली. २०१० च्या लाटेत नवजात अतिदक्षता विभागात ताप आणि पाणी कमी झालेली बाळं येऊ लागली. बाळांना जंतुसंसर्ग नव्हता, खोलीच गरम होती. नंतर केलेल्या विश्लेषणात दिसलं, की कमाल तापमान ४२ अंशांच्या पुढे गेल्यावर प्रत्येक अंशामागे उष्णतेमुळे दाखल होणारी बाळं ४३ टक्क्यांनी वाढत होती. लाटेनंतर प्रसूती कक्ष खालच्या मजल्यावर हलवला आणि अशी दाखल होणारी बाळं स्पष्टपणे कमी झाली. नवी इमारत नाही, यंत्रसामग्री नाही. खाटा खाली आणल्या.

नवजात बाळाचं असं होण्यामागे दोन गोष्टी असतात. त्याची घाम येण्याची यंत्रणा कच्ची असते, आणि आपण त्याला गुंडाळतो. बाळंतिणीची खोली बंद, बाळाला दुपटं, टोपडं, मोजे, वर शेक: ही रीत थंडीसाठी ठीक आहे, मे महिन्यात ती बाळाला ताप आणते. ४२ अंशांच्या दिवशी एक पातळ सुती झबलं पुरे. पाणी पाजायचं नाही, अंगावर जास्त वेळा पाजायचं, आणि आईने जास्त पाणी प्यायचं. चोवीस तासांत सहापेक्षा कमी वेळा शू झाली किंवा बाळ दूध ओढेना, तर वाट न पाहता दवाखाना.

इशारा कोणाच्या फोनवर येतो

२०१३ च्या एप्रिलमध्ये अहमदाबादने उष्णता कृती आराखडा सुरू केला. दक्षिण आशियातला हा अशा प्रकारचा पहिला. आराखडा म्हटलं की जाड फाइल डोळ्यांसमोर येते, पण याचा गाभा एका प्रश्नात मावतो: उद्या ४५ अंश असणार हे कळल्यावर सकाळी पहिला फोन कोण करतो आणि कोणाला?

उत्तर ठरवलं गेलं. महापालिकेच्या आरोग्य खात्यातला एक समन्वय अधिकारी. अंदाज त्याच्याकडे येणार आणि तोच इशाऱ्याची पातळी जाहीर करणार. सुरुवातीला अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या संस्थेतून सात दिवसांचा संभाव्यता-अंदाज मिळत होता, पुढे भारतीय हवामान विभागाचे अंदाज वापरात आले. पातळ्या अशा: ४१.१ ते ४३ अंश पिवळा, ४३.१ ते ४४.९ केशरी, ४५ आणि पुढे लाल. हे आकडे शहराच्या स्वतःच्या मृत्यू आणि तापमानाच्या नोंदींवर बेतलेले आहेत. हवामान विभागाची व्याख्या वेगळी आहे. मैदानी भागात कमाल ४० किंवा त्याहून जास्त आणि सरासरीपेक्षा ४.५ अंश जास्त, किंवा सरळ ४५, म्हणजे लाट. ती देशभरासाठी आहे. शहराला मात्र आपली माणसं कोणत्या अंशाला जाऊ लागतात ते पाहावं लागतं.

इशारा लागला की काय बदलतं? १०८ रुग्णवाहिकांमध्ये बर्फाच्या पिशव्या. शहरी आरोग्य केंद्रांत क्षारसंजीवनीचा (ओआरएस) वाढीव साठा. दुपारी बंद होणाऱ्या बागा उघड्या, म्हणजे फेरीवाल्याला झाडाखाली बसता येतं. पाणपोया. मोबाइलवर संदेश. वीज कंपनीला दवाखान्यांच्या वीजवाहिन्यांवर भारनियमन नको असा निरोप. बागेचं उदाहरण मुद्दाम घेतो. बाग दुपारी बंद ठेवणं हा रखवालदाराच्या सोयीचा नियम होता, आणि सावली नेमकी त्याच तासांत लागते. असे नियम प्रत्येक शहरात सापडतात.

चुकतं कुठे, तेही सांगायला हवं. केशरी इशारा सलग बारा दिवस राहिला की चौथ्या दिवसापासून तो कुणी वाचत नाही. म्हणून पिवळ्यावर फक्त खात्यांना कळवावं आणि जनतेला हाक केशरीच्या पुढे द्यावी. दुसरं, "भरपूर पाणी प्या, दुपारी बाहेर पडू नका" हा संदेश ज्याला हवा त्याच्या कामाचा नसतो. कडिया नाक्यावर, म्हणजे रोजंदारीचे मजूर जमतात त्या चौकात, सकाळी सातला उभा राहणारा मजूर दुपारी घरी बसला तर त्याची मजुरी जाते. त्याच्यासाठी संदेश ठेकेदाराला गेला पाहिजे: काम पहाटे साडेपाचला सुरू करा, बारा ते चार थांबा, हजेरी पूर्ण लावा. तिसरं, आशा किंवा वस्तीतल्या कार्यकर्त्यांना एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची यादी एप्रिलच्या आधी हातात हवी. लाट आल्यावर यादी करायला घेतली की उशीर झालेला असतो.

मजुरांच्या बाबतीत एक गोष्ट कमी बोलली जाते. उष्णतेची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. त्यामुळे कामावर जीव जाण्याचा सर्वांत मोठा धोका पहिल्या काही दिवसांत असतो, नव्या माणसाला आणि सुट्टीवरून परतलेल्याला. पहिल्या दिवशी उन्हातलं काम नेहमीच्या पाचव्या हिश्श्याइतकं, मग रोज तेवढंच वाढवत न्यायचं. पाणी दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला, तहान लागो न लागो. तासाला दीड लिटरच्या वर नको. नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं मीठ उतरतं आणि माणूस त्यानेच बरळू लागतो. जेवणातली चटणी-भाकरी, ताक, मीठ-साखरेचं पाणी हे म्हणूनच सोबत हवं. घरी करायचं तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा पाच मिलिलिटरचा, चहाचा. मीठ अंदाजाने टाकू नये. जास्त झालं तर लहान मुलाला अपाय होतो.

आधी गार करा, मग हलवा

उष्माघात म्हणजे शरीराचं आतलं तापमान ४० अंशांच्या पुढे आणि सोबत मेंदूचं बिनसणं: बरळणं, झोकांड्या, झटके, बेशुद्धी. नुसता थकवा, चक्कर, मळमळ आणि भरपूर घाम ही त्याआधीची पायरी. "घाम बंद झाला म्हणजे उष्माघात" हा समज अर्धाच खरा आहे. घरात बसलेल्या वृद्धाची त्वचा कोरडी सापडते, पण भट्टीवर किंवा शेतात काम करता करता कोसळलेला तरुण घामाने निथळत असू शकतो. वागणं बदललं की उष्माघात धरून चालायचं.

मग प्रत्येक मिनिट महत्त्वाचं. अर्ध्या तासाच्या आत तापमान ३९ च्या आसपास आणता आलं तर बहुतेक माणूस वाचतो. उत्तम उपाय बर्फाच्या पाण्यात बुडवणं. टब नसेल तर ताडपत्री घ्यावी. चौघांनी चार कोपरे उचलून झोळी करायची, माणसाला आत निजवायचं, शंभरेक लिटर पाणी आणि १० ते २० किलो बर्फ ओतायचा, डोकं वर धरायचं आणि झोळी हलवत राहायचं. पाणी स्थिर राहिलं तर अंगालगतचा थर कोमट होतो आणि उपाय थंडावतो. अशा पद्धतीने मिनिटाला ०.१५ ते ०.२ अंश उतरतात, म्हणजे ४२ वरून ३९ ला यायला पंधरा-वीस मिनिटं. बर्फ नसेल तर कपडे काढून अंगभर पाणी शिंपडत मोठा पंखा लावावा. कोरड्या हवेत हेही चांगलं चालतं. ३९ ला थांबावं, नाहीतर पुढे तापमान फार खाली जातं.

नेहमीच्या चुका याच्या बरोबर उलट असतात. कपाळावर ओली पट्टी ठेवून रिक्षा शोधणं. पॅरासिटामॉल देणं: हा ताप संसर्गाचा नाही, ते औषध इथे चालत नाही, उलट यकृतावर भार टाकतं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी किंवा कांद्याचा रस घालणं: तो फुप्फुसात जातो. काखेतला थर्मामीटर ३८.५ दाखवतो म्हणून निर्धास्त होणं: आतलं तापमान त्याहून बरंच जास्त असू शकतं, गुदाशयातलं मोजावं. रोजच्या साध्या थर्मामीटरची पट्टी ४२ अंशांना संपते, हेही केंद्रावर ठाऊक असावं. लघवी वाढवणाऱ्या, रक्तदाबाच्या आणि मानसिक आजाराच्या काही गोळ्या शरीराची थंड होण्याची ताकद कमी करतात. त्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, पण मार्चमध्येच डॉक्टरला विचारून घ्यायचं.

चुन्याची गच्ची

२०१७ मध्ये अहमदाबादने गरीब वस्त्यांतल्या सुमारे ३,००० घरांच्या छपरांना पांढरा लेप देण्याचा प्रयोग केला. अशा छपरामुळे घरातलं तापमान २ ते ५ अंशांनी कमी राहू शकतं. पाचच्या जवळचा फरक पत्र्याखाली आणि वरच्या मजल्यावर, तळमजल्यावर काही नाही.

सगळ्यात स्वस्त लेप चुन्याचा. चुना आदल्या दिवशी पाण्यात विरवून, फडक्यातून गाळून घ्यावा, चिकटपणासाठी फेविकॉलसारखा गोंद मिसळावा आणि पातळ असे दोन हात द्यावेत, दुसरा पहिला वाळल्यावर. काम सकाळी नाहीतर संध्याकाळी. तापल्या गच्चीवर लावलेला चुना पाणी उडून जाऊन पापुद्र्यासारखा सुटतो. त्याआधी गच्ची घासून धुवायची, शेवाळ आणि धूळ राहिली की लेप धरत नाही. विरवताना चुना उकळतो, डोळ्यांना चष्मा आणि हातांना मोजे हवेत. पत्र्यावर चुना टिकत नाही, तिथे बाहेरून लावायचा पांढरा ॲक्रिलिक रंग बरा. धूळ बसली की परावर्तन घटतं, म्हणून महिन्यातून एकदा झाडून घ्यावं. पावसाळ्यात चुना धुपून जातो. दर मार्चला परत लावायचा, हे खर्चात आधीच धरावं.

आराखड्याने किती जीव वाचले?

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने आराखड्याआधीची वर्षं, २००७ ते २०१०, आणि नंतरची २०१४-१५ यांची तुलना केली. वर्षाला सरासरी सुमारे १,१९० मृत्यू टळले असा अंदाज निघाला. हा आकडा सगळीकडे छापला जातो. तो सावधपणे घ्यावा असं आम्हाला वाटतं, कारण "आधीच्या" वर्षांत खुद्द २०१० आहे आणि ते एक वर्ष तुलनेची पातळी वर उचलतं. शिवाय त्या काळात वीज, पंखे आणि कूलरही वाढले. तरी २० मे २०१६ ला शहरात ४८ अंशांचा नवा विक्रम झाला, तोवर यंत्रणा तीन उन्हाळे सराव करून बसली होती. २०१० मध्ये ती अस्तित्वातच नव्हती.

नागपूरने २०१६ मध्ये असाच आराखडा घेतला, आणि विदर्भाची कोरडी हवा अहमदाबादच्या जवळची असल्याने तिथे तो बराचसा लागू पडतो. कोकणात नाही. ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ओल्या फडक्याचं तापमान, म्हणजे घाम वाळून शरीर जिथवर थंड होऊ शकतं ती हद्द, सुमारे २३ अंश. ३८ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेला तीच हद्द २९. म्हणजे पारा सहा अंशांनी खाली असूनही शरीराची कोंडी जास्त. कूलरचंही तेच. पहिल्या हवेत चांगला कूलर खोलीत सत्तावीस-अठ्ठावीसची झुळूक देतो, दुसऱ्या हवेत ३१ च्या खाली जात नाही आणि खोली दमट करतो.

१६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखो माणसं तासन् तास उन्हात बसली होती, आणि १४ जण उष्माघाताने गेले. जवळच्या केंद्रावरचं कमाल तापमान ३८ च्या आसपास होतं. अहमदाबादच्या तक्त्यावर तो दिवस पिवळ्यातही बसत नाही. किनारपट्टीसाठी हवामान विभागाचा उंबरठाही ३७ अंश आणि सरासरीपेक्षा ४.५ जास्त असा वेगळा आहे. पनवेल, ठाणे किंवा रत्नागिरीने तक्ता करताना त्यात दुपारच्या ओल्या फडक्याच्या तापमानाचा पाचवा स्तंभ घालावा आणि पातळ्या त्यावरून ठरवाव्यात. मोठ्या सभेची परवानगी देणाऱ्या टेबलावरही हाच तक्ता असावा आणि सोबत हे प्रश्न: एप्रिल-मेमध्ये मंडप किती, दर हजार माणसांमागे पाणी किती लिटर, बर्फ आणि ताडपत्र्या कुठे ठेवल्या आहेत, आणि कार्यक्रम सकाळी दहाच्या आत संपतो की नाही.